बबनभाऊंचा पट्टा

"शब्द अपुरे पडतात," असं बबनभाऊ माईकवर म्हणाले की समोरची माणसं घड्याळाकडं बघतात. कारण शब्द एकदा अपुरे पडायला लागले की ते कमीत कमी पंचवीस मिनिटं पडत राहतात. एकदा शेजारच्या पेठ गावी एका दशक्रियेत मी सहज वेळ लावली. "काय बोलावं तेच सुचत नाही" इथपासून "माझ्या वाणीला विराम देतो" इथपर्यंत बत्तीस मिनिटं झाली. त्यानंतर "जाता जाता एकच सांगतो" आलं, ते वेगळं.

बबनभाऊ आमच्या कळंबचे. त्यांचं घर माझ्या घराला लागून. मध्ये एक शेवगा, त्याच्या शेंगा दोन्ही घरांच्या. धंदा निवेदनाचा. लग्न, साखरपुडा, बैलगाडा शर्यत, दशक्रिया, जिथं माईक तिथं बबनभाऊ. त्यांचं एक कार्ड आहे. त्यावर फेटा बांधलेला हसरा फोटो, आणि खाली बारीक अक्षरांत ओळ: "दुःखद प्रसंगी वेगळा आवाज." या वेगळ्या आवाजासाठी ते आदल्या दिवशीपासून थंड पाणी पीत नाहीत.

त्यांच्या बोलण्याला आमच्याकडं एकच शब्द आहे: पट्टा. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवतो. एका शब्दाचे अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतात हे सांगताना पुस्तकातली उदाहरणं सोडून मी हेच देतो. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पिठाच्या गिरणीला पट्टा, आणि बबनभाऊंच्या तोंडाला पट्टा. त्यातही तोंडाच्या पट्ट्याची गंमत अशी, की यात्रेत बैलगाडे पळत असताना कुणी "भाऊंचा पट्टा ऐकला का?" म्हणालं तर ते कौतुक असतं. लग्नात मुलीचा बाप कानाशी येऊन "पट्टा जरा आवरा" म्हणाला तर मांडवामागं आमटी गार होत असते. नदीच्या घाटावर दशक्रियेला "सुटला बघ पट्टा" असं मागच्या रांगेत कुजबुजलं गेलं, तर ज्याला तंबाखू खायला जायचंय त्यानं आत्ताच उठावं, असा अर्थ. आणि सुमनवहिनी, म्हणजे बबनभाऊंचं कुटुंब, "पट्टा चपलांपाशी ठेवून आत या" म्हणाल्या, की मी आमच्या घरात रेडिओचा आवाज कमी करतो. पुढचं ऐकण्यासारखं असतं.

माईकवर त्यांची भाषा अगदी सोवळ्यातली. "होते", "नव्हते", "त्याप्रसंगी", "तद्वतच". माईक बंद झाला रे झाला, की लगेच "सर, पान हाये का? लई कोरड पडली राव." एकाच वाक्यात मध्येच लाईट गेली तर पहिलं अर्धं वाक्य शुद्ध आणि पुढचं अर्धं कळंबचं, असंही मी ऐकलेलं आहे.

एकाच दिवशी सकाळी दशक्रिया, दुपारी लग्न आणि मधल्या वेळात बैलगाडा अशी कामं आली की तोंडाचा सांधा बदलायला वेळ मिळत नाही. एका लग्नात ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आज या दोन्ही कुटुंबांवर जो डोंगर..." आणि थांबले. वराचा बाप पांढरा पडला. बबनभाऊंनी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "...जो आनंदाचा डोंगर कोसळला आहे!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या खेपेला मात्र निभावलं नाही. यात्रेचे दिवस होते, घशात बैलगाड्यांची घोषणा बसलेली. नदीवर पिंड मांडलेला, कावळा काही केल्या शिवत नव्हता. तासभर सगळे हात जोडून उभे. अखेर एक कावळा उतरला, दोन उड्या मारत पिंडाजवळ आला, चोच लावली, आणि बबनभाऊंच्या हातातल्या माईकमधून गर्जना झाली, "झाली झाली झाली, भिर्रर्रर्र!" कावळा जो उडाला तो पार नदीपलीकडं. मयताच्या घरच्यांना आणखी दीड तास उन्हात थांबावं लागलं.

माझा आणि त्यांचा संबंध विशेषणांचा. दर दोन-चार दिवसांनी शेवग्याखालून हाक येते, "सर, 'मनमिळाऊ'ला दुसरा शब्द द्या. त्यो लई झिजलाय." मी "स्नेहशील" देतो. तो दोन महिने चालतो. "दानशूर"ला मी "उदारधी" दिला होता. तो ऐकून एका मयताच्या भावानं "आमचा दादा कुणाची उधारी ठेवत नव्हता" असं ठणकावून सांगितलं, म्हणून परत घ्यावा लागला.

पण त्यांची खरी विद्या शब्दांत नाही, शब्दांच्या आडून काय सांगायचं यात आहे. पन्नास-साठ दशक्रिया ऐकल्यावर मला ती लिपी वाचता यायला लागली. "करारी" म्हणजे भांडखोर. "स्पष्टवक्ते" म्हणजे ज्यांच्या दारावरून लोक जात नसत, लांबच्या रस्त्यानं जात. "काळ्या आईवर जिवापाड प्रेम" म्हणजे दर पावसाळ्यात शेजाऱ्याचा बांध कोरणारे. "राजकारणात सदैव सक्रिय" म्हणजे उभे राहिले तेवढ्या वेळा पडले. नुसतं "निर्व्यसनी" म्हटलं तर तो माणूस खरोखर निर्व्यसनी. "उत्तरायुष्यात निर्व्यसनी" म्हटलं तर डॉक्टरांनी बंद करायला लावलेली. गावाला सगळं कळतं. लोक माना खाली घालून ऐकतात त्याचं एक कारण शोक असतं, दुसरं हसू.

आणि "कुटुंबवत्सल". हा शब्द सगळ्यांना. जशी लग्नात प्रत्येकाला अक्षता, तसा घाटावर प्रत्येक पुरुषाला कुटुंबवत्सल.

बायकांची दशक्रिया मात्र चार मिनिटांत उरकते. "सोशिक", "अन्नपूर्णा", आणि मग मालकांचं कार्य, मुलांच्या नोकऱ्या, नातवाचा दहावीचा निकाल. एकदा मी म्हटलं, "भाऊ, बाईंबद्दल काहीच आलं नाही की." ते म्हणाले, "घरी माहिती विचारली सर. पोरं म्हणाली, आईचं काय, ती घरीच असायची."

गेल्या वर्षी महाळुंगे पडवळचे धोंडिबाआप्पा गेले. गावातलं मोठं प्रस्थ. ऐंशीच्या पुढचं वय, द्राक्षबाग, ट्रॅक्टर, दोन मुलगे. थोरला विलास माझा जुना विद्यार्थी. शाळेत असताना निबंध दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. त्याचाच फोन आला, "सर, तुम्हीपण या भाऊंबरोबर. भाषा चांगली पाहिजे. तालुक्यातले पुढारी येणारेत."

दशक्रियेच्या दोन दिवस आधी आम्ही बबनभाऊंच्या मोटारसायकलवरून गेलो. गाडी चालवताना ते मागं मान वळवून बोलतात, त्यामुळं मागं बसणाऱ्यानं समोर बघायचं अशी वाटणी आहे. दारात फ्लेक्स लागला होता. त्यात आप्पा मधोमध, आणि भोवती श्रद्धांजली वाहणारे चौदा कार्यकर्ते, प्रत्येकाचा फोटो आप्पांपेक्षा किंचित मोठा.

विलासनं कागद पुढं केला. कॉम्प्युटरवर छापलेला, आप्पांचा जीवनपट. "भाऊ, हे सात शब्द यायलाच पाहिजेत. कुटुंबवत्सल दोनदा घ्या."

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"पुढारी उशिरा येतात सर. एकदा आधी, एकदा ते आल्यावर."

बबनभाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला. चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा गोठ्यातून आवाज आला, "माईकवर बोलनारं तुमीच का?"

आप्पांच्या पत्नी, गजराबाई. दहा दिवसांच्या सुतकातही म्हशीपुढं वैरण टाकत उभ्या होत्या. बारीक अंगाची बाई, कपाळ मोकळं. उजव्या हातानं पेंढी सोडत होत्या. डावा हात मनगटापाशी वाकडा, पोटाशी धरलेला.

"व्हय माय," बबनभाऊ म्हणाले.

"मंग एक आयका. मोठं व्हतं म्हना. व्हतंच. इंजिन आनलं, बाग लावली, समदं म्हना. पर बायकापोरांवर लई जीव व्हता, असं म्हनू नका."

बबनभाऊंनी नेहमीचं वाक्य काढलं, "मावशे, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द चांगलंच..."

"दोन न्हाई, दोनशे म्हना. त्यो एक सोडून." त्यांचा आवाज चढला नव्हता. वैरण टाकता टाकता बोलत होत्या. "पन्नास वरसं म्या हाय ह्या घरात. तसं म्हनलात तर म्या उठून जाईन. पिंडापुढनं उठून जाईन. मंग माजी पोरं काय म्हनायचं ते म्हनूद्यात." आणि त्यांनी डावा हात थोडा पुढं केला. एवढासाच. पुन्हा पोटाशी घेतला.

महाळुंग्यापासून कळंबपर्यंत बबनभाऊ एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मानही वळवली नाही. मला इतकं चुकल्यासारखं झालं की एका खड्ड्यापाशी मीच म्हणालो, "भाऊ, बरं वाटतंय ना?"

"गाडी चालवतोय ना सर," ते म्हणाले. जशी काही पहिल्यांदाच चालवत होते.

दशक्रियेला घाटावर हीऽऽ गर्दी. पांढऱ्या कपड्यांचा पूर आलेला. आमच्याकडं पुढारी सकाळच्या प्रहरात तीन-तीन दशक्रिया करतात, त्यामुळं गाड्यांची इंजिनं चालूच असतात. एका अंगाला बायका बसल्या होत्या, त्यांच्यात पुढं गजराबाई.

प्रवचन संपलं आणि बबनभाऊंनी माईक घेतला. आवाज वेगळा, दुःखद प्रसंगाचा. "शब्द अपुरे पडतात" झालं, माणसांनी घड्याळं बघितली. मग आप्पांचं बालपण, गरिबी, ज्या काळात या शिवारात मोट चालायची त्या काळात त्यांनी विहिरीवर आणलेलं इंजिन. "आप्पा करारी होते," ते म्हणाले, आणि गावानं मान खाली घातली. "स्पष्टवक्ते होते." माना आणखी खाली. विलास समोर उभा राहून बोटांवर शब्द मोजत होता. पाच झाले होते. "आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आप्पा हे अत्यंत कुटुं..."

आवाज बंद पडला.

साउंडवाल्यानं वायर हलवून बघितली, स्पीकरवर थापटी मारली. माईक चालू होता. स्पीकरमधून बबनभाऊंचा श्वास ऐकू येत होता. मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून काही न येणं ऐकत होतो, आणि ते फार मोठ्यानं ऐकू येत होतं.

"इंजिन आप्पांनी आनलं," ते म्हणाले. "पर ते बंद पडलं की पानी कुनी शेंदलं? ह्या घरात एक बाई व्हती. व्हती म्हंजी, हाये. ती बगा तितं बसलीया."

माईकवर "व्हती" ऐकून माणसांनी माना वर केल्या.

"बाग लावली तवा रोपांना घागरींनी पानी घातलं तिनं. दोन पोरं शिकली, त्यांचं डबं पहाटं उठून तिनं केलं. पन्नास वरसं. अन् हे समदं एका हातानं. डावा हात चालत न्हवता. का चालत न्हवता, ते मी सांगत न्हाई. हितं बसलेल्या समद्यांना ठावं हाये."

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. गजराबाई मात्र हलल्या नाहीत. डोळे बबनभाऊंवर. एखादं लहान पोर ओळखीचं गाणं ऐकतं तसं त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

विलास तरातरा पुढं आला आणि माईकला हात घालून दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, पाहुण्यांना वेळ नाही." ते दबकं बोलणंही स्पीकरवरून सगळ्या घाटाला ऐकू आलं.

"दोनच मिंटं," बबनभाऊ म्हणाले. "माउली जित्ती हाये, समोर बसलीया, तवर बोलूद्या. नंतर काय, नंतर मी येतोच." पण पुढं त्यांना बोलता आलं नाही. त्यांनी माईक विलासच्या हातात दिला, गजराबाईंकडं बघून हात जोडले आणि खाली उतरले. एकंदर अकरा मिनिटं. पुरुषाच्या दशक्रियेतलं त्यांचं सगळ्यात छोटं भाषण.

मग पुढारी उठले. ते मघापासून मोबाइल बघत होते. माईक हातात घेऊन त्यांनी गहिवरून सुरुवात केली, "आत्ताच बबनभाऊंनी अतिशय सुंदर शब्दांत सांगितल्याप्रमाणे, आप्पा हे अत्यंत कुटुंबवत्सल होते..."

गजराबाई उठल्या. पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून नदीकडं चालू लागल्या. पाण्याशी बसून त्यांनी एका हातानं तोंड धुतलं आणि घाटाकडं पाठ करून तिथंच बसल्या. त्यांच्या मागोमाग एक म्हातारी उठली, मग दुसरी, मग आणखी पाच-सहा. पुढाऱ्यांना वाटलं, बायकांचा काही विधी असेल. त्यांनी तेवढा वेळ भाषण थांबवलं आणि हात जोडून उभे राहिले.

पुढच्या गोष्टी व्हायच्या तशा झाल्या. बबनभाऊंना त्या दिवशी शाल-नारळ मिळाला नाही. सुमनवहिनींना त्याचं दुःख झालं नाही. आजवरच्या शालींच्या त्यांनी गोधड्या शिवल्यात आणि नारळ संपवता संपवता आमच्या घरीसुद्धा सगळ्या भाज्यांत खोबरं येतं. पण पंचक्रोशीत बोभाटा झाला. ठरलेल्या तीन दशक्रिया गेल्या. मंचरकडचा एक नवा निवेदक लोक बोलवायला लागले. तो बोलतो कमी, मागं बासरीची रेकॉर्ड लावतो आणि कुटुंबवत्सल तीनदा घेतो. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या पुरुषांचं घरातलं वागणं त्या दिवसापासून अचानक सुधारलं, असं ऐकतो. खात्री देत नाही. एक म्हातारी मात्र बबनभाऊंना बाजारात अडवून म्हणाली, "माज्या टायमाला तूच बोल. अन् बोलनार असशील तर आत्ताच बोल, मला ऐकाया यील." भाजीच्या पाट्यांमध्ये उभं राहून बबनभाऊ तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलले. म्हातारीनं दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

एकदा सुट्टीच्या दिवशी ते ओट्यावर लसूण सोलत बसले होते. काम नव्हतं, म्हणून वहिनींनी लावून दिलेलं. मी शेजारी जाऊन बसलो. मीही चार पाकळ्या सोलल्या. मग मी विचारलंच.

"भाऊ, इतकी वर्षं इतक्या माणसांना तुम्ही तो शब्द दिलात. आप्पांनाच का दिला नाहीत?"

त्यांनी लसणाची पाकळी नखानं सोलली, ताटलीत टाकली.

"माजं पयलं भाषन कवा झालं, ठावं हाय का सर? आमच्या दादाच्या दहाव्याला. दादा म्हंजी वडील. मी एकोनीस वरसांचा व्हतो. कालेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यालं. भावकी म्हनली, बबनच बोलंल."

"आणि दादा कसे होते?"

"आप्पाचा सख्खा भाऊ शोभला असता." ते थोडं हसले. "पर मी बोललो. लई बोललो राव. मानसं रडली. सरपंचानी पाठीवर हात ठिवला, म्हनलं, पुढच्या म्हयन्यात आमच्याकडं हाये, येशील का? तितनं हा धंदा सुरू झाला.

"सांजच्याला पै-पाहुनं गेलं. आई चुलीपुढं बसली व्हती. म्या जवळ जाऊन बसलो. म्हनलं, आता कायतरी म्हनंल, चांगलं बोललास म्हनंल. तिनं भाकर उलाथली. माज्याकडं बघितलं न्हाई. म्हनली, 'बबन, सकाळी घाटावर कुनाबद्दल बोलत व्हतास रं?'"

मी हातातली पाकळी खाली ठेवली.

"टोमना न्हवता सर. तिला टोमनं मारता येत नसायचं. तिला खरंच कळलं न्हवतं. मी म्हनलं, दादाबद्दल. तर म्हनली, 'व्हय का. मला वाटलं, दुसऱ्या कुनाचा पन दहावा हाये आज.' अन् भाकर माज्या ताटात टाकली."

"मग?"

"मंग काय. जेवलो. त्याच्यानंतर एकवीस वरसं जगली. माज्या एका बी भाषनाला आली न्हाई. अन् म्या बी कदी तिच्यापुढं तिच्याबद्दल बोललो न्हाई. आज बोलू, उद्या बोलू. लोकांचंच सरत न्हवतं."

आतून सुमनवहिनींनी हाक मारली, "झाला का लसूण?"

"आलो," बबनभाऊ म्हणाले, आणि सोललेली पाकळी बोटांत धरून तिथंच बसून राहिले.